मोरोक्कोचा ऑक्टोपस

जपानमध्ये, टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्या मजल्यावर मोरोक्कोचे एक गृहस्थ राहतात. सुपरमार्केटमध्ये दिसले की ते मला मासळीपाशी नेतात आणि ऑक्टोपसच्या पाकिटावरचं आपल्या देशाचं नाव बोटाने दाखवतात. मग तिथेच देशाची सगळी माहिती सुरू होते. आधी सुलतान, मग फ्रेंच आणि स्पॅनिश. अरब कोण, डोंगरातले अमाझिग कोण. फॉस्फेटच्या खाणी, पर्यटन. मी दूध हातात धरून "हो का?" म्हणत राहते.

परवा एका जपानी आजींनी ते ऐकून मध्येच विचारलं, "मग हा ऑक्टोपस लागतो कसा?"

गृहस्थ गडबडले. मला हळूच म्हणाले, "मी डोंगरातला हो! आमच्याकडे कुणी हा प्राणी पाहिलेलासुद्धा नाही."

शेजारी चव बघायला तुकडे ठेवले होते. आजींनी कौतुकाने एक त्यांच्यापुढे धरला. गृहस्थांनी डोळे मिटून तो तोंडात टाकला. चावता चावता कपाळावर घाम आला. शेवटी कसाबसा गिळला आणि ताठ मानेने जपानीत म्हणाले, "ओइशी!" म्हणजे, चविष्ट!

आजींनी खूश होऊन दोन पाकिटं टोपलीत टाकली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच आवडला तुम्हाला?"

"भयंकर होता," ते तोंड पुसत म्हणाले, "पण निर्यात वाढली ना!"