'अलीकडे शोधलेले'

खरं सांगा, वाचनालयातल्या संगणकासमोर बसल्याबरोबर आधीच्या माणसानं काय शोधलं ते तुम्ही वाचता की नाही?

वाचताच. म्हणून सबीनाची गोष्ट सांगतो.

विश्रामबागच्या एका वाचनालयानं जुनी पुस्तकं संगणकावर चढवली. ती शोधायचं पान सबीनानं केलं. शिंप्याची पोरगी. महिनोन्‌महिने तिथं बसून तिनं लोकांची बोटं पाहिली. कुठं अडतात, कुठं घाबरतात. अक्षरं मोठी केली. अर्धंमुर्धं नाव लिहिलं तरी पुस्तक हाती लागेल असं केलं. काय शोधावं हेच ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी वर आधीच्यांचे शोध दाखवणारी एक ओळ टाकली, 'अलीकडे शोधलेले'. वाचनालयानं तिचा सत्कार केला, त्यात कौतुक झालं ते त्याच ओळीचं. शाल घेताना पोरगी काय फुलली होती!

मग एका रविवारी कुपवाडचा कृष्णात आला. कारखान्यात लेथवर काम करणारा. त्याला दारू सोडायची होती, पण गुपचूप; दोस्तांना कळलं तर ते सोडू देणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. 'दारू सोडण्याचे उपाय' असं लिहून त्यानं एक पुस्तिका काढली, वाचली आणि उठला. रांगेत मागं त्याच्याच कारखान्यातला धनाजी. तो खुर्चीत टेकला, वरची ओळ वाचली आणि तिथूनच ओरडला, "आयला कृष्णात, संन्यास घेतोस व्हय रं? मग शेवटची बैठक आजच बसवू की गड्या!"

सगळं वाचनालय हसलं. सबीनाच्या देखत धनाजीनं त्याला खांद्याला धरून नेलं.

सबीनानं हे सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी धनाजीच्या नावानं शिव्या सुरू केल्या, तर ती म्हणाली, "मला घाला, दादा. एवढी बोटं बघितली, पण मागं उभी असलेली माणसं मला दिसलीच नाहीत."

ओळ तिनं त्याच दिवशी काढली. कमिटी कुरकुरली, "लोकांना आवडत होती की!" नंतर सबीना माफी मागायला कारखान्याच्या गेटवर गेली. कृष्णात गाडीवरनं उतरला नाही.

"ताई, पान लय झ्याक हाय तुमचं. पर त्या खुर्चीत मी न्हाई बसायचा आता."

त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, एवढंच सबीनानं सांगितलं. सत्काराची शाल तिच्या घरी अजून पिशवीतच आहे.

ओळ गेली, पण मागं उभे राहणारे आपण आहोतच. मला हात जोडायची सवय नाही, तरी जोडतो. पुढचा माणूस काही शोधत असेल तर मान फिरवा. आणि कुपवाडला कृष्णात भेटलाच, तर त्याला चहा पाजा. विचारू मात्र काही नका.