काळ्या मातीवरच्या चार खोल्या

लग्नानंतरची काही वर्षं आम्ही अकोल्यात होतो. हे तिथल्या कोर्टात कारकून आणि मी एका खाजगी शाळेत मास्तरीण. गावाच्या टोकाला नवीन ले-आऊट पडला तेव्हा यांनी तिथे प्लॉट घेतला आणि चार खोल्या बांधल्या. दोन-दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडं, मध्ये एक सामाईक भिंत. स्वतः राहायला नाहीच, किरायानं द्यायला. पुढे बदली होऊन आम्ही अमरावतीला आलो, इथलेच झालो, पण खोल्या विकायचा विषय यांनी कधी निघू दिला नाही.

माझ्या नवऱ्याला दुसरी कसली हौस नव्हती. सिनेमा नाही, पत्ते नाही, पारावरच्या गप्पा नाही. सुटीच्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि अकोल्याला जाऊन दिवसभर खोल्यांची डागडुजी करायची. तिकडचं बोअरचं पाणी खारं. तोट्या पांढऱ्या पडून गळायला लागतात, मोटर जाम होते, पाइप आतून भरत येतो. दरवेळी प्लंबर बोलावला तर किरायातलं हाती काही उरत नसे, म्हणून हे स्वतःच सगळं शिकले. रेक्झिनच्या पिशवीत पान्हे, वॉशर, पांढरं सिमेंट घेऊन जायचे आणि संध्याकाळी हाताची सालं काढून घेऊन, पण खुशीत परत यायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "घराले हात लावत राहावं लागते. नाही तर ते आपलं राहत नाही."

निवृत्तीनंतर थोड्याच काळात, एका सकाळी न्हाणीतून बाहेर येताना हे पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चार-दोन शब्द उरले होते. हो, नाही, पाणी. माझं नाव त्यात नव्हतं.

त्या गडबडीत मी खोल्या पार विसरले होते. आठवण करून दिली ती किरायदारणीनं. एका बिऱ्हाडात जिल्ह्याच्या दवाखान्यातली एक नर्स तिच्या म्हाताऱ्या आईसोबत राहत होती. बाई एकटी, लग्न केलेलं नाही, आठ-दहा वर्षं आमच्याकडेच. तिला सगळे सिस्टर म्हणत, आम्हीही.

"काकू, अशा वेळी सांगू नये," ती फोनवर म्हणाली, "पण मधल्या भिंतीची भेग लई वाढली. काका दरसाल भरून देत होते. यंदा कोणी आलं नाही."

भेगेबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. फोन ठेवून मी यांना विचारलं, "भिंतीला भेग आहे का हो अकोल्याला?" यांनी डोळे उघडले. बराच वेळ तोंडातल्या तोंडात झगडून एक शब्द बाहेर काढला.

"भर."

मुलगी पुण्याहून आली होती. तिला बापाजवळ बसवून मी त्यांची पिशवी उचलली आणि गाडीत बसले. खोल्यांवर गेले तर भेग छतापासून खाली तिरपी उतरलेली, हाताचं बोट आत जाईल एवढी. सिस्टरच्या आईनं तिच्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. "विंचू येते तिच्यातून," म्हातारी म्हणाली. मी मिस्त्री लावून भेग भरून घेतली, वरून सिमेंटची छपाई केली, रंग दिला. मोबाइलवर फोटो काढून यांना दाखवला. डाव्या हातानं मोबाइल धरून हे तो फोटो कितीतरी वेळ पाहत राहिले.

मग तेच माझं काम झालं. यांना पाहायला एक बाई ठेवली आणि महिन्यातून एकदा मी अकोल्याला जायला लागले. मोटर दुरुस्त करवली, टाकीतला पाणी अडवणारा बॉल बदलला, गच्चीवर डांबर ओतलं. दुसऱ्या बिऱ्हाडातले किरायदार टिकत नव्हते, ते गेले की खोल्या झाडून-पुसून नवीन माणूस शोधायचा. मला त्यातलं काही आवडत नव्हतं, हे खरं आहे. पण घरी आल्यावर काय काय केलं ते सांगायला लागले की यांचा चेहरा जरा जिवंत व्हायचा. दिवसाच्या बाकी वेळात तो तसा होत नसे.

भेग मात्र उन्हाळ्यात पुन्हा उघडली. मग मी एका इंजिनिअरला घेऊन गेले. त्यानं भिंतीच्या कडेनं माती उकरून पाहिली.

"पाया उथळ आहे, मॅडम," तो म्हणाला. "ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. घर तिच्यासोबत वर-खाली होऊन राहिलं. आणि बांधताना पाणी कोणतं वापरलं होतं?"

"बोअरचंच असेल."

"मग आतली सळई मिठानं खाल्ली असणार. तुमी भेगा भरत बसा, पण हे थांबणार नाही."

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक. प्लॉटचे पैसे तरी येतील." माझंही मन तिकडेच झुकत होतं. पण घर यांच्या नावावर. मी यांच्या उशाशी बसून इंजिनिअर काय म्हणाला ते सगळं सांगितलं आणि विचारलं, "विकायचं का?"

"नाही."

"अहो, पाया गेला आहे."

"नाही." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी बाईच्या हातून जेवले नाहीत, माझ्याही नाही. मी पुन्हा विषय काढला नाही. पुन्हा मिस्त्री लावला, पुन्हा भेग भरली. सिस्टरला मात्र सांगितलं की दुसरी जागा पाहून ठेव. ती म्हणाली, "पाहून राहिली, काकू. माय ऐकत नाही. म्हणते, इथं पाण्याची सोय आहे, काहून जाऊ?"

पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. दुपारी म्हातारी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली असताना छताचा मोठा पोपडा खाली आला. एक ढेपूळ खांद्यावर पडलं. हाड मोडलं होतं. मी पोचले तेव्हा तिला वॉर्डात ठेवलं होतं आणि सिस्टर तिच्याच दवाखान्यात, ड्यूटीच्या कपड्यात, आईच्या खाटेजवळ उभी होती. खर्च मी देईन, एवढंच म्हणाले. ती "बरं" म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन्ही बिऱ्हाडं रिकामी झाली. मी कुलूप लावलं आणि घरी येऊन यांना सांगितलं की छत पडलं. म्हातारीचं सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण डॉक्टरनं यांना कसलाही धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. ते ऐकून हे म्हणाले, "भर." घर तसंच बंद राहिलं.

दिवाळीनंतर सिस्टर स्वतःच अमरावतीला आली. तिचं सिव्हिल लाइन्सकडे काही ऑफिसचं काम होतं, त्यातून वेळ काढून यांना भेटायला आली. यांना पाहून आधी तिनं नाडी पाहिली, पाठीला जखमा झाल्या आहेत का ते पाहिलं, बाईला कूस कशी बदलायची ते दाखवलं. मग खुर्ची ओढून बसली.

"काका, ते घर आता विका," ती म्हणाली.

"नाही."

मी तिला खुणेनं थांबवत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण थांबली नाही. तिला कदाचित असली माणसं जास्त कळत असावीत.

"माझ्या मायच्या अंगावर पडलं छत. तुमाले कोणी सांगितलं नसन. तिचा हात आता वर होत नाही. वेणी मी घालून देतो तिची. उद्या तुमी ते भरून दुसऱ्या कोणाले द्यान, त्याचं लेकरू त्याच्याखाली झोपन."

हे तिच्याकडे पाहत राहिले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शेवटी आला.

"लागलं?"

"लागलं, काका."

यांचं रडणं मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. पडल्यानंतरच्या त्या सगळ्या महिन्यांतही नाही. अर्धा चेहरा रडत होता आणि अर्धा तसाच होता. सिस्टरनं रुमालानं दोन्ही बाजू पुसल्या. जाताना पायांत चपला घालता घालता मला म्हणाली, "मले बोलायचं नव्हतं, काकू."

त्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं तेव्हा यांनी डावा हात पांघरुणाबाहेर काढून पुढे केला. मला आधी कळलं नाही. अंगठा द्यायला तयार आहेत, हे मग लक्षात आलं. पुढे नोंदणी कार्यालयातला माणूस घरी येऊन अंगठा घेऊन गेला. घेणाऱ्याला फक्त जमीन हवी होती, त्यामुळे त्यानं भाव पाडूनच घेतलं. मी घासाघीस केली नाही.

घर पाडलं त्या दिवशी मी गेले नाही. जायला हवं होतं की नाही, ते अजूनही ठरवता येत नाही. त्या पैशातून आता बाईचा पगार आणि यांची औषधं चालतात. शेजारच्या वकीलसाहेबांनी सुचवलं की उरलेल्यात बडनेऱ्याकडे एखादा फ्लॅट घ्या, रेल्वेतली माणसं किरायानं राहतात, पैसा पडून राहण्यापेक्षा बरं. मी हसून चहा विचारला. हे तिथेच पलंगावर होते. त्यांनी ऐकलं असेल, पण मान वळवली नाही. हल्ली हे कशासाठीच मान वळवत नाहीत. "नाही" म्हणणंही बंद झालं आहे. काही विचारलं की सगळ्याला "हो" म्हणतात.

सिस्टरनं दवाखान्याजवळ एक चांगली पक्की जागा किरायानं घेतली होती, पण महिनाभरात ती सोडून टिनाच्या छपराच्या खोलीत गेली. उन्हाळ्यात तिथे बसवत नाही, असं ती फोनवर म्हणाली. मी विचारलं, मग काहून गेलीस? तर म्हणाली, माय आता स्लॅबखाली झोपत नाही, रात्रभर वर पाहत बसते.