निळ्या गोकर्णीवरचे डाग

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. निवृत्त अधिकारी सहसा आठवणींत लाज लिहीत नाहीत. त्यांना पहिल्या पानावरच आरोपी ओळखू येतो. मलाही आला होता. तो चुकीचा निघाला, एवढाच फरक.

अमरावतीहून वलगावच्या पुढे गेलं की एक गाव लागतं. ते माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं आणि माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. दसऱ्याला दहा दिवस असताना, सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती तेव्हा, गावातले एक फुलशेती करणारे काका ठाण्यात आले आणि पिशवीतली झेंडूची उपटलेली रोपं त्यांनी थेट माझ्या टेबलावर ओतली.

"पाहा साहेब. माह्या वावरात तेजाब फेकलं."

पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके, जळके ठिपके होते. फुलांच्या पाकळ्यांच्या कडा करपल्या होत्या. अर्धा एकर झेंडू, ऐन दसऱ्याच्या तोंडावर. काकांचा राग खरा होता आणि नुकसानही खरं होतं.

"संशय कोणावर?"

"संशय कायचा? मले मालूमच हाये. शेजारचा कल्हईवाला. त्याच्याकडं तेजाब असते आन् हद्दीच्या धुऱ्यावरून आमचं भांडण चालू हाये."

हे कल्हईवाले चाचा मला माहीत होते, कारण त्यांचा एक कागद त्याच वेळी माझ्या टेबलावर होता. हजला जाण्यासाठी त्यांचा नंबर लागला होता, पासपोर्टसाठी अर्ज केला होता आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल मला पाठवायचा होता. अर्जदारावर गुन्हा दाखल नाही, असं लिहून सही करायची होती. गुन्हा दाखल झाला तर पासपोर्ट अडकणार आणि हजची ती वारी हुकणार. पुढच्या वर्षी नंबर लागेलच याची हमी कोणी देत नाही. सत्तरीच्या माणसाला तर मुळीच नाही.

आता झेंडूची माती त्या अर्जावर पडली होती. मी अर्ज झटकला आणि बाजूला ठेवला.

दुपारी खबरही आली. नाक्यावरचा पानठेलेवाला आमचा जुना खबऱ्या. त्याला विचारलं, कल्हईवाल्याने एवढ्यात तेजाब आणलं का? तो म्हणाला, "आणलं ना. परवाच्या दिवशी नवा कॅन सायकलले बांधून गेला." तक्रार, हेतू, हत्यार, खबर, सगळं एका दिवसात. एवढं सुरळीत चाललं की शहाण्या पोलिसाने घाबरावं. मी खूश झालो.

चाचांना चौकशीला बोलावलं. ते धुतलेला पायजमा घालून, पडताळणीसाठीच बोलावलं असावं अशा समजुतीने आले. पासपोर्टच्या अर्जाच्या झेरॉक्स सोबत घेऊनच.

"चाचा, तेजाब ठेवता?"

"ठेवतो ना साब. तेजाबाशिवाय तांबं उघडते काय?"

"किती ठेवता?"

"पाच लिटरचा कॅन. परवाच नवा आणला. दसरा-दिवाळी आली, आख्ख्या गावाचे भांडे येतात. फुलवाल्याचं पितळी पातेलं बी माह्याकडंच पडलं हाये."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आरोपी इतक्या उत्साहाने कबूल करत असेल तर लिहिणाऱ्याचीही पंचाईत होते. मी झेंडूची पानं चाचांसमोर ठेवली आणि तक्रार सांगितली. चिडायचं सोडून त्यांनी चष्मा लावला आणि पान उजेडाकडे धरलं.

"हे काम तेजाबाचंच हाये साब."

हवालदाराची लेखणी थांबली. "साहेब, हे लिहू का?"

"थांब," मी म्हटलं.

"पर लई पातळ तेजाब," चाचा पुढे म्हणाले. चाळीस वर्षं भांडी उजळणारा माणूस आपल्या विषयावर आला होता. "आसली तेजाब पडलं असतं तर पान गळून गेलं असतं. हे पानी टाकलेलं हाये. आन् वरून चाळणीनं चाळल्यावानी टाकलं. अर्ध्या एकराले एवढं टाकाचं तर टँकर लागन. माह्याकडं तर सायकल हाये."

आपल्याविरुद्धच्या गुन्ह्यात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारा आरोपी मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. निष्पाप माणूस वकिलाला न विचारता बोलतो, म्हणूनच तो जास्त धोक्यात असतो. मी त्यांना जाऊ दिलं, पण सांगितलं की गाव सोडायचं नाही. ते दारातून परत फिरले. "साब, पासपोर्टचं होऊन जाईन ना?" मी म्हटलं, पाहू. या शब्दाचा अर्थ सरकारी कार्यालयात काय होतो हे त्यांनाही ठाऊक होतं. झेरॉक्स मात्र ते ठेवून गेले.

दोन दिवसांत गावात कोणी चाचांकडे भांडं टाकेना. काकांनीही पातेलं परत आणवलं, कल्हई अर्धीच झालेली असताना. दसऱ्याला झालेलं भांडण गावं निवडणुकीपर्यंत ओढतात, हे मी जाणून होतो. गुन्हा लवकर नोंदवावा की लवकर मिटवावा, एवढाच प्रश्न होता.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. सोबत दोन पंच, हवालदार आणि आमच्या एक बाई शिपाई. त्या नांदगाव खंडेश्वरच्या, माहेरी भाजी-फुलांचीच शेती. मी जागेचं वर्णन सांगत होतो, हवालदार लिहीत होता आणि बाई एकेक ओळ वाकून पाहत होत्या.

"सर, कल्हईवाल्याच्या कुंपणालगतच्या दोन ओळी साफ आहेत. एक डाग नाही."

"तेच तर!" काका म्हणाले. "आपल्यावर संशय येऊ नये म्हून जवळचं सोडून दिलं त्यानं."

"काका, या ओळींवर काही झाकलं होतं का?"

"ताडपत्री होती. पहिला तोडा तिथचाच होता. भुरभुर पाऊस चालू होता ना."

बाईंनी वर पाहिलं. बांधावर शेवगा होता, दोन माणसं उंच. त्याच्या शेंड्याच्या पानांवरही तेच ठिपके होते. "सर, कल्हईवाले चाचा सत्तरीत शेवग्यावर चढले असतील का?"

तेवढ्यात काकांच्या घरून मावशी पाणी घेऊन आल्या. मावशी म्हणजे काकांची बायको, शनीच्या मंदिरासमोर फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या. शेताला लागूनच असलेल्या त्यांच्या घराच्या फाटकावर निळ्या गोकर्णीचा वेल होता. शनिवारी शनीला निळं फूल लागतं, म्हणून त्यांचा तो हक्काचा माल. मी पाणी पिता पिता वेलाकडे पाहिलं. निळ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे शिंतोडे होते, कोणी ब्रश झटकावा तसे.

"मावशी, ही जात वेगळी आहे का?"

"कायची वेगळी! डाग हायेत ते. भुरभुर आली का पडतात. डागी फूल शनिले कोणी घेत नाही, शनिवारी अर्धी टोपली वापस येते. पोळ्यापासून असंच चालू हाये."

"पोळ्यापासून? मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनं? तुमी याइले इचारता. मले कोन इचारते, बापा?"

काका आभाळाकडे पाहू लागले. मावशींनी मात्र सुरू झाल्यावर थांबायचं नाव घेतलं नाही. धो धो पाऊस आला तर काही होत नाही. भुरभुर असली आणि वारा नाल्याच्या पलीकडून असला तरच होतं. नाल्यातले बेडूकही यंदा कमी ओरडले.

बाई शिपायांनी एक स्वच्छ फूल तोडलं आणि मावशींकडून लिंबू मागून त्यावर दोन थेंब पिळले. निळ्यावर तोच गुलाबी-जांभळा डाग उठला. पंचांपैकी एकाने हात जोडले. त्याला वाटलं शनीचाच काही प्रकार आहे.

"मावशी," मी म्हटलं, "पुन्हा भुरभुर आली की मला फोन करा. कोणतीही वेळ असू द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा ठाण्यात माझ्यासमोर बसले होते. अर्जाचं काय झालं हे विचारायला आले होते आणि मी त्यांना चहा पाजत होतो, कारण अहवाल अजून लिहिलाच नव्हता. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला. अर्ध्या तासाने फोन वाजला. मावशींऐवजी काकाच बोलत होते.

"साहेब, आता बी पडले डाग! ताजे ताजे. तो कल्हईवाला कुठं हाये ते पाहा."

मी फोन तसाच धरून चाचांकडे पाहिलं. ते बशीतला चहा फुंकत होते.

नाल्याच्या पलीकडून काय येतं, हे विचारायला मी पुन्हा पानठेल्यावर गेलो. खबऱ्याने पान लावता लावता सांगितलं, "जुन्या टायरचे ट्रक तर रोज जातात साहेब. शेडमध्ये टायर जाळून तेल काढतात."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी तेजाबाचं इचारलं, म्या तेजाबाचं सांगितलं."

शेडवर आम्ही प्रदूषण खात्याची माणसं आणि कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या एक मॅडम यांना घेऊन गेलो. परवाना नव्हता, टायरचे डोंगर होते आणि काळा धूर होता. मालक पाहून मात्र मी जागीच थबकलो. हे तेच सन्माननीय, ज्यांच्या हस्ते पावसाळ्यात आम्ही ठाण्याच्या आवारात वृक्षारोपण केलं होतं. फोटोत मी त्यांच्या शेजारी झारी धरून उभा आहे. झाडाभोवतीचा लोखंडी पिंजराही त्यांनीच दिला होता, त्यावर त्यांचं नाव फूटभर अक्षरांत. झाड महिनाभरात वाळलं. पिंजरा अजून ठणठणीत असावा.

"साहेब, गावाले त्रास नको म्हून आपण चिमणी किती उंच केली, पाहा," ते म्हणाले. "धूर वर जातो. वर कोणाचं वावर हाये?"

उत्तर मॅडमनी दिलं. टायरमध्ये गंधक असतं, ते जळून धुरात जातं आणि पावसाच्या पाण्यात विरघळून त्याचं तेजाब होतं. मोठ्या सरीत ते पातळ होतं, भुरभुरीत दाट राहतं. चिमणी उंच केली म्हणजे फक्त शेजारी बदलतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, ती बरंच सोसते. पान सोसत नाही, पाकळी सोसत नाही, नाल्यातला बेडूक सोसत नाही. आणि जमिनीनेही किती वर्षं सोसावं? मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना एका सत्काराला जायचं होतं. त्यांना आमच्या गाडीतून ठाण्यात यावं लागलं.

शेडला कुलूप लागलं, खटला कोर्टाच्या गतीने गेला. त्याच संध्याकाळी मी पडताळणीचा अहवाल लिहिला. अर्जदाराविरुद्ध गुन्हा दाखल नाही, हरकत नाही. सोबतच्या अर्जावर झेंडूच्या मातीचा डाग तसाच राहिला होता, तो पुसला नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते आमच्या प्रशिक्षणात नव्हतं. तक्रार पूर्ण खरी असू शकते आणि आरोपी पूर्ण निर्दोष. काकांच्या शेतावर तेजाब पडलं होतं, हे त्यांनी पहिल्या वाक्यात बरोबर सांगितलं. फेकणारा शेजारीच असणार, ही भर त्यांची होती आणि ती मी विनातपास स्वीकारली. चौकशीत आपण जेवढं विचारतो तेवढंच उत्तर येतं. फाटकावर पुरावा फुलला होता, पण त्याच्या मालकिणीला कोणी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात चाचा हजला निघाले तेव्हा मीही निरोपाला गेलो. गल्लीत गर्दी होती. उशिरा, कोणाशी न बोलता, काका आले. हातात झेंडूचा जाडजूड हार. तो घालण्याआधी ते एकेक फूल उलटून पाहू लागले.

"काय पाहून राहिला बे?" चाचा म्हणाले. "माही गाडी जाईन."

"डाग पाहून राहिलो."

"मंग?"

"एक बी नाही," काका म्हणाले आणि हार त्यांच्या गळ्यात घातला. "लवकर ये. पातेलं अर्धंच हाये माहं."