शिट्टीबाईंचं ‘जैसे थे’

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खी शाळा शिट्टीबाई म्हणायची. तिला हे माहीत होतं आणि आवडतही होतं, फक्त ती ते कबूल करायची नाही. ती कवायत शिकवायची. कितीतरी पोरं तिच्या शिट्टीवर सावधान झाली, विश्राम झाली आणि उन्हात कदमताल करून घामाघूम झाली. पण त्या सगळ्यांच्या आधी तिने हात साफ करून घेतला तो माझ्यावर. मला अंगणात उभं करून ती हुकूम सोडायची आणि माझा हटकून उलटा पाय पडला की म्हणायची, "जैसे थे!" म्हणजे चुकलं, मागे ये, पुन्हा पहिल्यापासून कर. माझं निम्मं बालपण या जैसे थेमध्ये गेलं आहे.

मैदानावर तिचा एक नियम होता. दुखतंय म्हणायचं नाही. पोरगं धडपडलं की ती स्वतः जखम धुवायची, पट्टी बांधायची, फुंकरसुद्धा घालायची, पण त्याने तोंड उघडायच्या आत सांगून टाकायची, "दुखतंय म्हटलं की जास्त दुखतं."

अशा बाईला संधिवाताने गाठावं, याला काय म्हणायचं? तोही वयाबरोबर झिजेने येणारा नव्हे. ज्यात शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं, तो. कुंपणानेच शेत खावं तसला प्रकार. नोकरीची शेवटची वर्षं तिने शिट्टी दातांत धरून काढली, कारण बोटांत धरवत नव्हती. पोरांना वाटायचं, ही बाईंची ऐट आहे. काही पोरं तशी शिट्टी धरून तिची नक्कलही करायची.

निवृत्तीनंतर उजवा गुडघा पार कामातून गेला. सर्जन म्हणाले, बदलू. बदलला. ऑपरेशन झकास झालं. ताई एकटी राहते, म्हणून मी आमच्या ह्यांना त्यांच्या जेवणाखाण्यासकट वाऱ्यावर सोडलं आणि तिच्या घरी मुक्काम ठोकला.

टाके निघाले त्या दिवशी सर्जनांनी स्पष्टच सांगितलं. "जखम छान भरली आहे. आता गुडघा काटकोनात वाकायला हवा. पुढच्या तपासणीपर्यंत वाकला नाही, तर मला पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल." ताईने तिथे मान डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्या टेबलावर मी पुन्हा चढायची नाही. त्यापेक्षा ताठ पायाने जगेन." आणि ती बोलते तसं करते, हेच माझ्या जिवाला लागलं.

आता इतकं ठणकावून बोलणाऱ्या माणसाने व्यायाम तरी जीव तोडून करावा की नाही? छे. चालायला वॉकर आणून दिला होता, तो खिडकीशी उभा. त्यावर माझे टॉवेल वाळायला लागले. ताई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीवरून पलंगावर, तेही माझ्या खांद्याला लटकून. पलंगाच्या कडेला बसून पाय मागे सरकवायचा व्यायाम होता. त्यात कडेला हातांनी घट्ट धरायचं असे. ती धरायची, लगेच सोडायची आणि म्हणायची, "झालं आजचं."

एक दिवसाआड व्यायाम घ्यायला फिजिओ मुलगी यायची. चुणचुणीत, बोलकी. दारातूनच विचारायची, "कसं आहे, बाई?"

"जैसे थे," ताई म्हणायची.

मुलगी हसायची, गुडघा हातात घ्यायची, कोन मोजायची आणि तिचं हसू जरा उतरायचं. एकदा जाताना तिने मला बाहेर गाठलं. "मावशी, त्या घाबरतात का? वॉकरला हातच लावत नाहीत."

"घाबरते कुठली, हट्टी आहे ती," मी म्हणाले आणि आत जाऊन ताईची चांगली हजेरी घेतली. "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना पळवलंस आणि स्वतःची वेळ आली तर बैठक मारून बसलीस? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"चहा दे," ती म्हणाली.

मी चहा आणून आदळला. तिने तो निवेपर्यंत तसाच ठेवला. मला वाटलं, राग आला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं दिसलं. ताई दाराला कडी लावल्याशिवाय दातसुद्धा घासायची नाही, म्हणून मी घाबरून दार ढकललं. ती बेसिनपुढच्या स्टुलावर बसली होती. पेस्टची ट्यूब बेसिनच्या काठावर ठेवून ती कोपराने दाबत होती. ब्रश दोन तळव्यांमध्ये धरला होता. बोटं सुजून लाल झाली होती, मनगटं तर तिची वाटतच नव्हती. कडी लावायचं ती विसरली नव्हती. कडी तिला सरकवता येत नव्हती.

वॉकर धरायला मूठ लागते. पलंगाची कड धरायला मूठ लागते. चहाचा कप उचलायलाही मूठच लागते. हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. आम्ही सगळे त्या एका गुडघ्याकडे डोळे लावून बसलो होतो.

मी तिचे दात घासून दिले. ती लहान मुलीसारखी तोंड उघडून बसली आणि माझ्याकडे बघेना.

फिजिओ मुलीला फोन केला तर ती बिचारी रडकुंडीला आली. "मावशी, मी दर वेळी विचारत होते हो. त्या म्हणायच्या जैसे थे. मला वाटलं, हात पूर्वीसारखेच आहेत, काही बदल नाही."

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. साऱ्या जगात जैसे थे म्हणजे काही बदल नाही, ठीक चाललंय. पण ताईच्या तोंडी त्याचा अर्थ कधीच तो नव्हता. तिच्या तोंडी तो एकच होता. चुकलं, मागे या. आणि हे जगात कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं.

"ताई," मी तिच्याजवळ बसून विचारलं, "तू तिला दर वेळी सांगत होतीस ना, काहीतरी चुकतंय म्हणून?"

"मग आणखी कसं सांगायचं?" ती म्हणाली. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "तो दुसरा शब्द मला येत नाही गं."

मला इतकं भरून आलं की मी उठून वॉकरवरचे टॉवेल काढायला लागले.

त्याच दिवशी तिच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथे उलगडा झाला. सांध्यांसाठी ताई जे इंजेक्शन घ्यायची, ते जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून ऑपरेशनआधी थांबवलं होतं. जखम भरली की येऊन विचारून पुन्हा सुरू करायचं होतं. ताई आलीच नव्हती.

"का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ताई ओशाळली. "मला वाटलं, जुना गुडघा गेला, त्याच्याबरोबर हेही गेलं असेल."

"बाई, गुडघा बदललाय. दुखणं तेच आहे," त्या म्हणाल्या. पण मायेने म्हणाल्या. जखम तपासून इंजेक्शन सुरू केलं. वॉकरही दुसरा लिहून दिला. त्याला मुठीऐवजी कोपरापासून पुढचा हात टेकवायला गादी असते.

हातांची सूज काही लगेच उतरली नाही. पण नवा वॉकर आला त्या संध्याकाळी ताई त्यावर हात टेकून दारापर्यंत गेली, पीछे मुड करून परत आली आणि मला म्हणाली, "बघतेस काय? टॉवेल वाळत घालायला दुसरी जागा शोध."

फिजिओ मुलीनेही आता कसं आहे विचारणं सोडलं. ती आल्या आल्या म्हणायची, "बाई, हजेरी घ्या." मग ताई खुर्चीत ताठ बसून एकेका सांध्याचं नाव पुकारायची. जो दुखत असेल तो हजर. डावं मनगट? हजर. उजवा अंगठा? हजर. डावा खांदा? आज गैरहजर. उजवा गुडघा? हजर, हजर, बसा खाली. दुखतंय हा शब्द न उच्चारता सगळं सांगून व्हायचं आणि ती मुलगी त्याप्रमाणे व्यायाम कमीजास्त करायची.

तपासणीचा दिवस आला. सर्जनांनी ताईला पलंगाच्या कडेला बसवलं, पोटरी हातात घेतली आणि मागे रेटायला सुरुवात केली. ताई डोळे मिटून होती. मी मनातल्या मनात कोन मोजत होते. त्यांनी आणखी रेटलं. आणखी.

"जैसे थे!"

असा आवाज निघाला की सर्जनांनी पाय सोडला आणि दाराशी उभा असलेला वॉर्डबॉय नकळत ताठ झाला. मग ताईने डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाली, "डॉक्टर, दुखतंय."

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी तो शब्द वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"दुखणारच," सर्जन हसून म्हणाले. "काटकोन केव्हाच मागे टाकला तुम्ही. भूलबिल काही नको आता."

त्यानंतर लवकरच मी माझ्या घरी परतायचं ठरवलं. ह्यांनी फोनवर फोन करून माझं डोकं खाल्लं होतं. निघायच्या सकाळी बॅग भरून मी ताईसमोर बसले. फिजिओ मुलगी यायची नव्हती, म्हणून मीच म्हटलं, "हजेरी घे."

"डावं मनगट? हजर. उजवं मनगट? हजर. अंगठे? दोघेही हजर, कधी खाडा म्हणून करत नाहीत मेले." मग तिने पाय जरा मागेपुढे केला. "उजवा गुडघा?"

ती थांबली. उशिरा येणाऱ्या पोरासाठी थांबायची तशी. पुन्हा एकदा पुकारलं, "उजवा गुडघा?"

"काय गं?" मी विचारलं.

"आज आला नाही," ताई म्हणाली. तिने सुजरा हात अलगद गुडघ्यावर ठेवला आणि तिचे डोळे वाहायला लागले. मी बॅग परत आत नेऊन ठेवली आणि ह्यांना कळवलं, आज काही येत नाही.