केशरबाईंची काळी पाच

चौसाळ्याच्या केशरबाईंना कुणी ‘गोड गळ्याची’ म्हटलं की मला राग येतो. परवा गावातल्या शाळेच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी तसं म्हटलंच, आणि वर ‘आपल्या जिल्ह्याची कोकिळा’ अशी पुस्तीही जोडली. मी पहिल्याच रांगेत होते. उठून बोलणार होते, पण सुनेनं हात धरला. म्हणून लिहिते. केशरबाईंचा गळा गोड नव्हता. तो उंच होता आणि धारदार होता. तो खाली आणा म्हणणाऱ्या प्रत्येकाशी ती बाई जन्मभर भांडली. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं आहे ते हेच. बाकी लग्न, दुखणी, उपासतापास सगळ्यांचे असतात तसेच.

गाण्यातलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगते, मध्ये थांबायला मला आवडत नाही. पेटीवर ‘सा’ कुठे धरायचा, ती गाणाऱ्याची पट्टी. पुरुष बहुतेक काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये गातात. बायकांचा गळा वरचा, त्यांना काळी चार लागते. केशरबाईंची होती काळी पाच, म्हणजे त्याच्याही वर. माणसाला आपल्या पट्टीच्या फार खाली गायला लावलं की त्याचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. झालं. एवढं लक्षात ठेवा.

केशरची आई भिवराबाई मूळची चौसाळ्याची, पण मोमिनाबादच्या छावणीत आया होती. आंबेजोगाईला निजामाच्या अमलात मोमिनाबाद म्हणत आणि तिथे घोडदळाचा रिसाला होता. भिवराबाई ज्या कप्तानाच्या बंगल्यावर होती, त्याची मडम फ्रान्सची. नोकरमाणसं तिला लुईजाबाई म्हणत. ही लुईजाबाई लग्नाआधी तिच्या मुलखातल्या नाटकांत गायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊनच सांगायचं, बोलायचं नाहीच, असली नाटकं. पोस्टरवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं म्हणे. कप्तानाशी लग्न झालं आणि त्यानं ते सगळं बंद केलं. ‘बंद केलं’ असं त्याला वाटलं. संध्याकाळ झाली की बाई पियानोपाशी उभी राहायची, सगळ्या खिडक्या उघडायची आणि गायची. छावणीतली कुत्री रडायला लागायची. शिपाई हसायचे. साहेब येऊन खिडक्या लावायचा. ती गाता गाता जाऊन परत उघडायची.

पियानो वाजवायला बँडमधला एक गोरा हवालदार यायचा. त्याला एकदा वाटलं, बाईला त्रास नको, जरा खालून वाजवू. लुईजाबाई पियानोचं झाकण त्याच्या बोटांवर आपटता आपटता राहिली.

“नीचे नहीं!” ती ओरडली. तिला हिंदुस्थानी येत होती ती एवढीच. “ऊपर! ऊपर!”

केशर तेव्हा सात-आठ वर्षांची, दारामागे उभी राहून बघत होती. तिला घरात काय शिकवलं होतं, तर बाईनं दात दिसतील एवढं तोंड उघडायचं नसतं. आणि इथे ही बाई पडजीभ दिसेल एवढं उघडून उभी. “मला गानं न्हाई कळलं त्या मडमचं,” केशरबाई मला सांगायच्या. “आजून बी न्हाई कळत. पर तोंड उघडायचं असतंय, एवढं कळलं.”

पुढे रिसाला हलला, मडम गेली. केशरचं लग्न एका मोतद्दाराशी झालं होतं, म्हणजे घोड्यांची चाकरी करणाऱ्याशी. तो घोड्यांबरोबर गेला तो गेलाच. पाच-सहा वर्षं वाट पाहून, लोकांची बोलणी ऐकून, शेवटी ती त्रिंबकरावांच्या नाटक कंपनीत शिरली. नावाजलेल्या कंपन्यांत तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. त्रिंबकरावांची कंपनी फाटकी, गावोगाव कनाती ठोकत हिंडणारी. तिथे माणसं कमी पडत, म्हणून बाई चालली. नायिका मात्र स्वतः त्रिंबकराव. वय पन्नाशीच्या पुढे, पोट सुटलेलं, पण राजकन्या तेच. केशर त्यांची सखी.

त्रिंबकराव वाईट गाणारे नव्हते. तरुणपणी त्यांनी नगरकडे लोकांना वेड लावलं होतं, हे श्रेय मी त्यांना देऊन टाकते. पण वयाबरोबर आवाज उतरत गेला, आणि कंपनीचा रिवाज असा की सगळ्यांनी मालकाच्या पट्टीत गायचं. मालक काळी एकवर आले, तर राजा, प्रधान, सखी, सगळे काळी एकवर. तबलाही त्याच सुरात लावलेला. केशरचा आवाज त्यात पार बुडाला. खेळ गेवराईत असो की परळीत, मागच्या रांगेतून ठरलेली हाक यायची, “ये सखे, जेवलीस का न्हाई?” आणि कनात हसायची. त्रिंबकराव म्हणायचे, “हिचा आवाजच एवढासा, काय करणार?” सात वर्षं तिनं हे ऐकलं.

मग कंपनी बीडला आली. चौसाळ्याची माणसं बैलगाड्या जुंपून आपल्या केशरचं गाणं ऐकायला येणार होती. म्हातारी भिवराबाई येणार होती. इथे ‘जेवलीस का’ ऐकायचं नाही, असं केशरनं ठरवलं. खेळाआधी ती मालकांपुढे जाऊन उभी राहिली. ते आरशासमोर बसून तोंडाला सफेदा फासत होते, कानात डूल, अंगात चोळी.

“मालक, आज माझ्या पदाला काळी पाच द्या.”

“कंपनीत पट्टी एकच असते, केशर.”

“ती तुमची हाय.”

“मग? नायिका कोण आहे?”

“नायिका तुमीच हाव. पर बाई मी हाय.”

रंगपटात कुणीतरी फिसकन हसलं. त्रिंबकरावांनी सफेद्याची वाटी आपटली. “बाई आहेस म्हणून ठेवलीय. गातेस म्हणून नाही. जा, झांज घासून ठेव.”

ती तिथून पेटीवाल्याकडे गेली. जलालुद्दीन बीडच्याच किल्ल्याजवळचा, कंपनीची पायपेटी वाजवायचा. तो हात जोडून म्हणाला, “बाई, पेटी मालकाची, मी बी मालकाचा. मला कावून ह्यात ओढती?”

“बोटं कुनाची, जलालभाई?”

त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं, असं तोच पुढे सांगायचा.

यानंतरचं मी आईकडून ऐकलंय. माझी आई विमलबाई चौसाळ्याची, नुकतीच लग्न होऊन बीडला आलेली, बायकांसाठी बांबूच्या चिकाचा पडदा लावलेला असायचा त्याच्यामागे बसली होती. रिवाज असा की आधी पेटी सूर देते, गाणारा तो धरतो. केशर आत आली तीच गात. पेटीची वाट पाहिलीच नाही. तोंड उघडलं आणि स्वतःचा सा लावला, काळी पाचचा, आणि पदाची पहिली ओळ सोडली.

पेटी गप्प. तबला गप्प. कनातीत एवढी एकटीच. आई म्हणायची, “मला वाटलं, आता ही पडते.” काळोखात एखादी बाई उडी मारते तसं झालं होतं ते. विंगेत त्रिंबकराव दात-ओठ खात जलालुद्दीनला खुणावत होते, काळी एक, काळी एक. जलालुद्दीननं कान दिला, मान खाली घातली, आणि बोटं काळी पाचवर ठेवली. तबलजीचा तबला चुकीच्या सुरात. त्यानं तो बाजूला सारला आणि नुसत्या डग्ग्यावर ठेका धरला.

दुसऱ्या ओळीला बाहेर घोड्यांपाशी उभे असलेले टांगेवाले कनातीचा कपडा वर करून आत डोकावले. बायकांनी चिक बाजूला केला; आईच्या सासूनं तिला चिमटा काढला आणि मग स्वतःच मान बाहेर काढली. मागच्या रांगेत नेहमीचा एक वात्रट होता. तो उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हाक येणार. तर हा ओरडला, “वन्स मोअर!” मग वन्स मोअर थांबेना.

गंमत पुढेच होती. त्या पदाचं शेवटचं कडवं राजकन्येचं. त्रिंबकराव आत आले. पेटी अजून वर. त्यांनी तोंड उघडलं, ते तिथवर पोचणार नव्हतेच. मग त्यांनी हातातल्या पंख्यानं खूण करून पेटी खाली आणवली. सगळ्या कनातीला ती उतरलेली कळली. “राजकन्येला पडसं झालंय!” कुणीतरी म्हणालं. चौसाळ्याच्या गाड्यांवरून आलेली माणसं पोट धरून हसली. भिवराबाई तेवढी हसली नाही. “म्हाताऱ्याला कावून हसता रं,” म्हणाली, “त्यानं सोताहून ओढवून घेतलंय.”

पडदा पडल्यावर मालक म्हणाले, “सामान उचल.”

“सामान कसलं? एक लुगडं हाय,” केशर म्हणाली, आणि ते काखेत मारून आईच्या गाडीत बसली.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं ती कुणाच्याही कंपनीत गेली नाही. बारशी, लग्नं, उरूस, जत्रा, जिथे बोलावतील तिथे. अट एकच, पट्टी माझी. कंपनी बुडाल्यावर जलालुद्दीन हातपेटी घेऊन तिच्याकडे आला. तिनं त्याला मागचं काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, “भाता फाटलाय, शिवून आन.” या अटीपायी तिची कामं गेली नाहीत असं नाही. देशमुखांच्या वाड्यावर पाहुणे मोठ्यानं बोलत होते. यजमान म्हणाले, “बाई, जरा खालून गा, मंडळी बोलतायत.” ती म्हणाली, “मंडळीस्नी सांगा हळू बोला.” तिथून दोघं जेवल्याशिवाय परत आली. जलालुद्दीन वाटभर कुरकुरत होता, तिथे बासुंदी होती.

पण गळा कुणाच्या बापाचा नोकर नाही. पंचावन्नच्या पुढे तिचा आवाज उतरायला लागला. जलालुद्दीनला ते आधी कळलं. त्यानं एका बारशात न सांगता काळी चार धरली. तिनं गाणं संपवलं, मग ती पाणी प्यायली.

“जलालभाई, ही काळी चार हुती.”

“उमर हाय, केशर.”

“उमर माझी हाय. तुमाला कुनी सांगितलं कमी कराया?”

तरीही पुढच्या वर्षी काळी तीन, मग काळी दोन. ती स्वतःच सांगायची, कुढत नाही, हिशेब सांगावा तशी. त्याच सुमारास जलालुद्दीनची नात शहजादी तिच्याकडे शिकायला लागली. सोळा वर्षांची, सडपातळ, तोंडात शब्द नाही. गायला लागली की घराची कौलं हलावीत असा आवाज. तिची पट्टी काळी पाच.

आता जे सांगते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा हैदराबादला कॉलेजात होते, सुट्टीत मामाकडे चौसाळ्याला आले होते. नांदूरघाटला मोहनरावांकडे नातवाचं बारसं होतं आणि केशरबाईंना शहजादीसह बोलावलं होतं. मीही गाडीत बसले. मोहनराव मोठे बागायतदार, बोलायला मऊ. बैठक दुपारची, अंगणात मांडव.

जलालुद्दीननं काळी दोन धरली. शहजादीनं सुरुवात केली, आणि मला कळेचना हिला झालंय काय. आवाज घशात, शब्द पुसट. समोरच्या बायका आपापसांत बोलायला लागल्या. केशरबाईंनी तंबोरा खाली ठेवला, हात लांब करून पेटीचा भाता दाबून बंद केला. पेटी कण्हली आणि थांबली.

“हे कुनासाठी चाललंय?” त्यांनी विचारलं. हळू नाही, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

शहजादी खाली बघून म्हणाली, “तुमच्यासाठीच की, खाला. मागून तुमाला साथ धरता यावी म्हनून.”

“मी त्रिंबकराव हाय का गं?”

पोरीला त्रिंबकराव कोण ते माहीत होतं. तिचं तोंड गोरंमोरं झालं. जलालुद्दीन म्हणाला, “अदब हाय तिची, केशर. बड्यांच्या वर जाऊ न्हाई म्हनून...”

“अदब हुती तवा मी सात वर्सं ‘जेवलीस का न्हाई’ ऐकलं. नीचे नहीं! ऊपर! धरा काळी पाच.”

त्यानं धरली. शहजादीनं तोंड उघडलं, आणि मांडवातल्या बायकांच्या हातातले पंखे थांबले. मी गाण्यातली नाही. माझ्या अंगावर काटा आला एवढंच सांगू शकते. पाळण्यातलं पोर जागं होऊन रडायला लागलं, तर त्याची आजीच म्हणाली, “रडू दे त्याला, गाऊ दे तिला.” केशरबाई पोरीच्या मागे बसून तंबोरा छेडत होत्या. ओठ मिटलेले.

शेवटी मोहनराव पुढे झाले. “केशरबाई, तुम्ही आमच्या घरच्या. दोन ओळी तुमच्याही होऊ द्या.”

“न्हाई.”

“असं कसं?”

“माझ्यासाठी पेटी खाली करावी लागंल. आज ती वर लागलीया.”

मोहनरावांनी डोळे टिपले. नंतर जेवणाच्या पंगतीत ‘केवढा त्याग, केवढं मन’ असं बरंच चाललं होतं. मला तेव्हाही तो त्याग वाटला नाही आणि आजही वाटत नाही. जी गोष्ट दुसऱ्यानं आपल्याला केली ती आपण कुणाला करायची नाही, या हट्टाला त्या पेटल्या होत्या. त्या बाईला हट्टाचा आनंद होत होता, मी समोर बसून पाहत होते.

परतताना ऊन उतरलं होतं. गाडीत पेटी बांधून ठेवलेली, शहजादी तिला टेकून झोपलेली, जलालुद्दीन पान लावत होता. केशरबाई उठून गाडीत ताठ बसल्या, आणि एकदम गायला लागल्या. तेच पद, कनातीतलं. कुठलीच पट्टी नाही, जिथे आवाज आज होता तिथून, खालचा, जाड, मधूनच फाटणारा. पण तोंड पडजीभ दिसेल एवढं उघडं. वाटेच्या दोन्ही बाजूंना कपाशी वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या.

आसाराम गाडीवान वळून म्हणाला, “आक्का, जरा हळू. बैल बुजत्याल.”

केशरबाईंनी ओळ पुरी केली. मग म्हणाल्या, “बुजू दे. कासरा तुझ्या हातात हाय ना?”

आणि पुढची ओळ धरली.