डायलवरच्या बारा रेघा

गार्थ पास्कोच्या पहिल्या ठोशात विन्कोचे पुढचे दोन दात गेले. दुसऱ्यात जबडा मोडला. विन्को मारुशिच तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता, तरी मिल सुरू करायच्या बटणासमोरून हलला नाही.

ऑस्ट्रेलियात, कॅलगुर्लीच्या पूर्वेला, सोन्याच्या खाणीत विन्को आणि मी फिटर होतो. दगड दळणारी आमची मिल भरली की हजार टनांची. ती बेअरिंगला टेकायची नाही. पंप खालून तेल ढकलायचा आणि केसाएवढ्या तेलाच्या थरावर मिल तरंगत फिरायची. तो थर राखणं हे विन्कोचं काम, एकोणीस वर्षं. तेल उजव्या हाताच्या दोन बोटांत चोळून तो जाडी सांगायचा. दोनच उरली होती. फुटक्या पाइपातली प्रचंड दाबाची तेलाची धार कातडीत शिरली, तेव्हा बाकीची तीन कापावी लागली.

त्याआधी, दुसऱ्या एका खाणीत, तेल तापून पातळ झालं, थर फाटला आणि फिरती मिल बेअरिंगला चिकटली. मोटर ओढतच राहिली. शेवटी जोड तुटला आणि त्याचा पोलादी तुकडा विन्कोच्या भावाच्या, स्टिपेच्या, पोटातून आरपार गेला.

"डायलचा काटा उतरताना मी बघत होतो," विन्को म्हणायचा. "बोललो नाही."

त्या जानेवारीत दुरुस्ती झाली, नवं तेल भरलं. सकाळी नवालाच सावलीत त्रेचाळीस डिग्री. पाळीचा मुकादम गार्थ दहा तास मागे पडला होता. पंप चालू केला, मिल उचलली.

"प्रेशर बरोबर आहे, म्हाताऱ्या. हो बाजूला."

"प्रेशर मिलचं वजन सांगतं, गाढवा. तेल जाड असो की पातळ, आकडा तोच येणार. मिल किती उचललीय ते डायलवर बघ."

डायलवर वीस रेघा हव्यात. पंधराच्या खाली सुरू करायची नाही. काटा बारावर होता.

"तीन रेघांसाठी खाण बंद ठेवू? तुझ्या भावाचं भूत बसलंय त्या डायलवर."

विन्को त्याच्या तोंडावर थुंकला. मग ते दोन ठोसे. विन्कोने तोल सावरला, घण उचलला आणि बटणाची पेटी फोडली. गार्थने त्याला खाली पाडून बुटाने बरगड्यांत हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी उभाच होतो. काटा बारावर का, ते मला माहीत होतं. हातपंपाने जाड तेलाचं पिंप रिकामं करायला पाऊण तास लागतो, खांदे निखळतात. पातळ तेलाचं वीस मिनिटांत होतं. मिलच्या टाकीत दहा पिंपं भरायची होती. मी चार जाड भरली आणि सहा पातळ. तेल ते तेल, असं म्हटलं.

गार्थने चौथी लाथ उगारली तेव्हा मी त्याला मागून ओढलं.

"सहा पिंपं पातळ आहेत. मी भरलीत."

त्याने माझा कान फाडला. मी त्याचं नाक फोडलं. इलेक्ट्रिशियन धावत येईपर्यंत आम्ही लोळत होतो.

विन्को जमिनीवरून रक्ताच्या तोंडाने म्हणाला, "उपस."

टाकी रिकामी केली, धुतली. नवी पेटी बसेपर्यंत इलेक्ट्रिशियनांनाही वेळ लागणारच होता. दहाही पिंपं मी जाड तेलाची भरली. ॲम्ब्युलन्स दाराशी उभी होती, पण विन्को डायलसमोर बादलीवर बसून राहिला, बरगड्या धरून. मी दम खायला थांबलो की बुटाने जमिनीवर ठोकायचा. संध्याकाळी काटा वीसवर आला. त्याने तो दोनदा पाहिला. मग उठून स्वतःच ॲम्ब्युलन्समध्ये चढला.

आठवड्यात तिघांनाही काढलं. विन्को पुढे नऊ वर्षं जगला. जबडा वाकडाच जुळला, बिअर एका कडेने प्यायचा. पबमध्ये मी दिसलो की जवळ बसायचा, पण त्याचा ग्लास मला कधी भरू दिला नाही.

"पंचवीस मिनिटं, नेव्ह," म्हणायचा. "एका पिंपामागे पंचवीसच मिनिटं."