माझ्या तोंडी घातलेलं वाक्य

एकाहत्तरच्या लढाईत आमचे मालक पश्चिम सीमेवर होते आणि मी कुंडलला सासरी, पोटुशी. लढाई लागल्यापासून त्यांचं पत्र नव्हतं. मी सातवी शिकलेली, म्हणून सांगलीहून येणारा पेपर सासरे माझ्याकडूनच वाचून घेत. त्यात रोज आपलीच सरशी असायची. मला फक्त आमचा एक माणूस हवा होता.

एके दिवशी त्याच पेपरचा बातमीदार घरी आला. जवानांच्या घरच्यांवर लिहायचंय म्हणाला. सासूबाईंनी चहा दिला. तुम्हाला काय वाटतं, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, "पत्र न्हाई आलं. ते कवा येतील, तेवढं कळतंय का बघा." त्यानं मान डोलावली आणि भराभरा पानभर लिहिलं. एवढ्याशा बोलण्याला पानभर काय लिहितोय, हे तेव्हाच मनात आलं होतं.

दोन-तीन दिवसांनी माझ्याच तोंडानं मी सासऱ्यांना वाचून दाखवलं: 'माझं कुंकू मी देशाला वाहिलं आहे. विजय मिळाल्याशिवाय त्यांनी घरी येऊ नये.' सासऱ्यांचे डोळे भरून आले. मी असं बोललेच नाही म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "लाजू नगंस." बायकांनी येऊन ओटी भरली. मी संपादकांना कार्ड टाकलं. ते छापलं नाही. माझं कौतुक करणारी वाचकांची पत्रं मात्र पेपरात येत राहिली. त्यातली खरी किती, देव जाणे.

पण खरी भीती मला वेगळीच बसली. माझं वाक्य असं बनत असेल, तर शेजारच्या रकान्यातलं 'आपली हानी किरकोळ' कुणाच्या घरच्या चहावर बनलं होतं? चांगली बातमी वाचली, की मला जास्तच धास्ती वाटायची.

लढाई थांबली. मालकांची पत्रं येऊ लागली, दोन-दोन ओळींची. शिमग्यापर्यंत आसपासचे बरेच जवान सुट्टीवर येऊन गेले. मला मुलगी झाली, तरी आमचे आले नाहीत. आले ते भर उन्हाळ्यात. मुलीला तासन्‌तास घेऊन बसत, माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलत.

शेवटी मीच विचारलं, बाकीचे आले, मग तुम्हीच का नाही? तेव्हा कळलं. सासऱ्यांनी पेपरचा तो कागद त्यांना पाठवला होता. साहेबांनी तो सगळ्या कंपनीपुढं वाचला, टाळ्या पडल्या. त्यानंतर लढाई संपली तरी, अशा बायकोचा नवरा म्हणून सुट्टी मागायला त्यांना तोंडच राहिलं नव्हतं.

"आवं, मी तसं म्हनलेच न्हाई," मी म्हणाले. "तुमी कवा येताय, एवढंच इचारलं हुतं."

त्यांनी मांडीवरच्या मुलीला खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "पेपरवाल्याला काय पडलंय खोटं लिवायला?"

ते भांडले असते तर बरं झालं असतं. पण मी आता शब्द फिरवतेय असं समजून, त्यांनी मला मोठ्या मनानं माफ केलं.